डाव्या चाकाची पिन

आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी माझ्या गाडी चालवण्याची नक्कल व्हायची. मिस्टर जेवणाचं ताट स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांत धरून खुर्चीत बसायचे, मान पुढे काढायचे आणि उजवा पाय फरशीवर असा चिरडायचे, जणू पायाखाली झुरळ आहे आणि ते मरत नाहीये. तोंडाने चाकाची किंकाळी काढायचे. ते शाळेत शिक्षक आहेत, रोज वर्गासमोर उभं राहायची सवय, त्यामुळे नक्कल रंगायची. पाहुणे हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. नक्कल संपली की तेच ताट विसळून परत मांडणीत ठेवायची.

"हिच्या हातात गाडी दिली आणि गॅरेजवाल्याचा पगार सुरू झाला," असं ते शेवटी म्हणायचे.

गाडी आमची छोटी, सेकंडहँड. मिस्टरांची शाळा दोन गल्ल्या सोडून आहे, ते चालत जातात. गाडी रोज लागते ती मला. मी राहनाळला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. किती खोके आले, किती गेले, किती फुटले आणि उरलेले जागेवर आहेत का, हे बघणं माझं काम. त्या रस्त्याला कंटेनर, ट्रेलर आणि खड्डे एकाच वेळी समोर येतात. तिथे ब्रेक दाबावा लागतो. जे दाबत नाहीत त्यांची नावं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळतात.

त्या वर्षी पावसाळ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली आणि ब्रेकमधून घासल्याचा आवाज यायला लागला. मिस्टरांनी गाडीत न बसताच निदान केलं. मी सतत ब्रेकवर पाय ठेवून चालवते, म्हणून पॅड संपले. सासूबाईंनी ते पुढे एका लग्नात आणि एका बारशात सांगितलं. मग गणपतीत सगळे जेवायला बसलेले असताना ठरलं की दसऱ्याला गाडी धाकट्या दिराला द्यायची. तो आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. मी परत शेअर रिक्षाने जायचं. मला कुणी विचारलं नाही. मी तेव्हा मोदकांवर तूप वाढत होते.

"वहिनी सुटल्या," दीर म्हणाला. "टेन्शनच गेलं."

मी पंचेचाळिशी उलटल्यावर गाडी शिकले. गोदामातून निघायला उशीर झाला तर कुणाला फोन करायचा नाही, कुणाच्या स्कूटरमागे बसायचं नाही, घरी आल्यावर कुणाच्या उपकाराचं तोंड बघायचं नाही, एवढं एक सुख मला त्या गाडीने दिलं होतं. मला ती सोडायची नव्हती. पण "मला हवी आहे" हे आमच्या घरात कारण होत नाही. कारण दुसरं काहीतरी लागतं.

मला संशय आला तो हाताने. एकदा गोदामात गाडी लावली, उतरले आणि डाव्या पुढच्या चाकाजवळ वाकले तर तव्यासारखी धग आली. उजव्याजवळ हात नेला. कोमट. मी तिथेच उभी राहून विचार केला. पेडल एक आहे. ते दाबलं की दोन्ही चाकांना सारखंच लागतं. माझा पाय वाईट असता तर दोन्ही चाकं तापली असती. एकच तापलंय, म्हणजे त्या चाकात काहीतरी अडकलंय आणि सुटत नाहीये.

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते पेपर तपासत होते.

"त्या बाजूला ऊन असेल," ते म्हणाले.

"मी आत लावते. पत्र्याखाली."

"मग तुझा डावा पाय लागत असेल." आणि पुढच्या पाहुण्यांसमोर नकलेत दोन्ही पाय आले.

मग मी स्वतःच चौकशी केली. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने मला जुना कॅलिपर हातात देऊन दाखवला. चाकामागे लोखंडाची तबकडी असते. तिला दोन बाजूंनी दोन पॅड चिमट्यासारखे धरतात. तो चिमटा म्हणजे कॅलिपर, आणि तो दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. एका पिनेवर रबराची बाही असते. पिन जाम झाली की चिमटा नीट सुटत नाही आणि आतला पॅड तबकडीला घासत राहतो, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवा की ठेवू नका.

"पिन जाम कशाने होते?" मी विचारलं.

"गंजाने. नाहीतर कुणी साधं तेल घातलं तर. हे रबर तेल पितं आणि फुगतं. याचं ग्रीस वेगळं येतं."

मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

माझ्या सासऱ्यांचे घरामागच्या शेडमध्ये कापड विणायचे लूम होते. ते गेले, लूम विकले, शेडमध्ये आता पाण्याची टाकी आहे. राहिलं ते तेल. लूमला घालायच्या तेलाची लांब चोचीची कुपी आमच्या घरात देवघराखालच्या फळीवर असते आणि तिचा मान औषधासारखा आहे. दार कुरकुरलं की तेच तेल. शिलाईचं यंत्र, पंखा, सायकल, कुकरच्या दांडीचा स्क्रू, सगळ्याला तेच. सासूबाई गुडघ्यांनासुद्धा लावून बघायच्या, वासामुळे सोडलं. भिवंडीत लूमवाल्या घरात वाढलेल्या माणसाला कुठलीही अडलेली वस्तू दाखवा, त्याचा हात आधी कुपीकडे जाणार. आदल्या वर्षी ब्रेक थोडा चिरचिरत होता, तेव्हा मिस्टरांनी हेच केलं होतं. चाक काढलं, रबराच्या कडेत चोच घातली आणि भरपूर सोडलं. "वडिलांनी यावर कारखाना चालवला," असं मला सांगितलं होतं. आवाज थांबला. गल्लीत त्याची वाहवा झाली. गल्लीत लोक त्यांच्याकडे मिक्सर, पंखे, इस्त्र्या घेऊन येतात आणि "सर, जरा बघता का" म्हणतात. त्या मानावर त्यांचं अर्धं आयुष्य उभं आहे, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

मी दुकानातून नवे पॅड घेतले, नव्या पिना, त्यांची रबरं आणि त्या ग्रीसची ट्यूब घेतली. पॅड मिस्टरांना दिले. बाकीचं पाकीट माझ्या पर्समध्ये ठेवलं.

पॅड आपणच बदलायचे हे त्यांचं ठरलेलं होतं. दिराला गाडी द्यायची तर नीट करून द्यायची, आणि गॅरेजवाल्याला घरात का शिरू द्यायचं. पितृपक्षातला रविवार होता. सासूबाई पायरीवर बसून म्हणाल्या, "या दिसांत कशाला चाक उघडता, न्हाय त्या गोष्टी निघतात." त्यांचं माहेर दिघाशीचं, बोलणं अजून तिथलंच आहे. दीर स्टूल घेऊन गाडीजवळ बसला, स्वतःची वस्तू दुरुस्त होताना बघावी तसा. हातात माझ्याच घरचा चहा.

मिस्टरांनी नट सैल न करताच जॅक लावला. चाक हवेत गेलं आणि पाना लावल्यावर नटासकट गोल फिरायला लागलं.

"दादा, जायंट व्हील," दीर म्हणाला.

"खाली घ्या," मी म्हणाले. "नट जमिनीवर सैल करतात."

"मला माहीत आहे. बघत होतो मी," मिस्टर म्हणाले.

उजवं चाक आधी उघडलं. ते सहज झालं. बोल्ट सुटले, कॅलिपर उचलला, जुने पॅड हातात आले, नवे बसले. मी जुने दोन्ही पॅड घेऊन वर्तमानपत्रावर मांडले आणि बाजूला पेनाने लिहिलं, उजवा आत, उजवा बाहेर.

"निकालपत्रक चाललंय," मिस्टर दिराला म्हणाले. "गोदामात खोके मोजून मोजून ही अशी झालीय. उद्या माझ्या डोक्यावरचे केस मोजेल."

"ते लवकर होईल, दादा," दीर म्हणाला. मिस्टरांना ते आवडलं नाही.

मग डावं चाक. वरचा बोल्ट निघाला आणि वरची पिन बोटाने सरकली. खालचा बोल्टही निघाला, कॅलिपर पक्कडीने उचकटून काढला, पॅड आले. ते मी उचलून त्याच कागदावर ठेवले. एका नजरेत दिसलं ते दिसलं. पेनाने लिहिलं, डावा आत, डावा बाहेर. खालची पिन मात्र लोखंडात गाडल्यासारखी होती. मिस्टरांनी ती पक्कडीने ओढली. मग पान्याने धरून ओढली. मग हातोडी मागितली.

मी हातोडी दिली.

ते ठोकत होते आणि मी बघत होते. पिन ओढून येत नाही, ती फिरवावी लागते, दुकानदाराने मला दाखवलं होतं. सरळ ओढली की फुगलेलं रबर आणखी घट्ट बसतं. ते प्रत्येक घावाबरोबर ती पिन आणखी पक्की करत होते. ऊन वर आलं होतं, बनियन पाठीला चिकटलं होतं. पिनेच्या टोकाच्या कडा हातोडीने गोल झाल्या, त्यामुळे पाना धरेना.

"कुपी आण," मिस्टर म्हणाले.

मी आत गेले, देवघराखालून कुपी आणली, फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी पिनेच्या तोंडाशी चोच लावून तेल सोडलं. पुरेसं वाटेना म्हणून आणखी सोडलं.

"आमच्या ह्यांचं तेल हाय ते," सासूबाई दिराला म्हणाल्या. "लोखंडाचं पानी करतं."

"थांबा जरा, मुरू द्या," मी म्हणाले.

मुरू दिलं. दिराने दुसरा चहा मागितला, तोही मी दिला. मग मिस्टरांनी पान्याला पाइप जोडून सगळं वजन टाकलं. पाना सटकला आणि त्यांची मूठ कॅलिपरच्या धारेवर जाऊन आपटली. तीन बोटांच्या पेरांवरची साल गेली. ते आवाज न करता हात धरून खाली बसले. कागदाच्या कडेला रक्ताचे थेंब पडले.

"हात आधी धुऊन या," मी म्हणाले. "नव्या पॅडला रक्त लागलं तर तो बाद होईल."

दीर माझ्याकडे बघायला लागला. "वहिनी, नवऱ्यापेक्षा पॅड मोलाचा?"

"पॅड नवा आहे," मी म्हणाले.

दीर हसला. मिस्टर नळावर गेले, हळद लावून, रुमाल गुंडाळून परत आले आणि डाव्या हाताने पुन्हा पाना उचलला. तो त्यांना धरताही येत नव्हता. गल्लीतून जाणारा एकजण फाटकाशी थांबून म्हणाला, "सर, आज गाडी का?" मिस्टर हसून म्हणाले, "किरकोळ आहे." तो गेला.

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "इतकं ठोकूनपन निघत न्हाय. किती दाबला आसंल हिनं ब्रेक. लोखंड लोखंडात घुसवलं बाईनं."

मी याचीच वाट बघत होते.

मी वर्तमानपत्र उचलून पायरीवर, सासूबाईंच्या पायाशी पसरलं. पर्समधून पोलादी फूटपट्टी काढली.

"बघा," मी म्हणाले. "उजवा आत, सात मिलिमीटर. उजवा बाहेर, सात. डावा बाहेर, आठ. आणि हा डावा आतला. दोनसुद्धा नाही, या कोपऱ्यात मागचा पत्रा उघडा पडलाय." मी पट्टी दिराच्या हातात दिली. "तूच मोज."

त्याने मोजलं. तो वाईट मुलगा नाही, फक्त फुकटची सवय आहे. "बरोबर आहे," तो म्हणाला.

"माझा पाय एक, पेडल एक. मी ब्रेकवर उभी राहून राहनाळला गेले असते तरी चारही पॅड सारखे झिजले असते. हा एकटा झिजवायचा तर मला चाकाच्या आत जाऊन बसावं लागलं असतं."

मिस्टर पाना हातात घेऊन उभे होते.

"सरका," मी त्यांना म्हणाले.

पिनेच्या टोकाच्या कडा गेल्या होत्या, म्हणून मी जुना बोल्ट तिच्यात परत घट्ट बसवला आणि त्यावर पाना लावला. ओढलं नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे. प्रत्येक वेळी केसभर जास्त. मला घाई नव्हती. ती हलायला लागली, मग चिखलातून पाय निघावा तसा आवाज करत बाहेर आली. टोकावरचं रबर पाण्यात भिजलेल्या खजुरासारखं फुगलेलं, काळं, चिकट. पर्समधलं पाकीट फाडून मी नवी पिन काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी दिराच्या तळहातावर ठेवल्या. नवं रबर त्याच्या निम्म्या जाडीचं होतं.

"वास घे," मी म्हणाले.

त्याने जुनी पिन नाकाशी नेली. त्याचं बालपणही त्याच शेडमध्ये गेलंय. "लूमचं तेल," तो म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने दादाकडे बघितलं.

"या रबराला ते चालत नाही. ते पिऊन फुगतं," मी म्हणाले. "गेल्या वर्षी घातलं होतं. आवाज थांबला होता, आठवतं ना? आज परत घातलंत."

मिस्टरांनी रुमाल सोडून परत बांधला. हळद आणि तेल मिसळून तो हिरवट झाला होता. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

सासूबाई मात्र पिनेकडे नाही, नव्या पाकिटाकडे बघत होत्या. त्या अडाणी आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांच्याशी भांडून बघावं.

"म्हंजे ही पिन तू आदीच आणून ठेवली व्हती," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुला ठाव होतं."

"हो, आई."

"आनि माझा पोर उन्हात ठोकीत होता, हात फोडून घेतला, आनि तू तेल पुसून देत होतीस."

"त्यांनी तेलच मागितलं," मी म्हणाले. "चाक का तापतं ते मी सांगायला गेले तेव्हा त्याची नक्कल झाली. तेव्हा पाहुण्यांबरोबर तुम्हीही बसला होतात. तुम्ही डोळे पुसेपर्यंत हसलात."

त्यांनी तोंड फिरवलं. दिराने पिना हळूच कागदावर ठेवल्या आणि हात विजारीला पुसले. मग त्याने विचारायचं ते विचारलंच. "मग दसऱ्याचं काय, दादा?"

मिस्टर म्हणाले, "ठरलं ते ठरलं. गाडी तू ने."

खरं सांगायचं तर मला याचंही नवल वाटलं नाही. पण मी शांतपणे विचारलं, "का?"

"का म्हणजे?"

"मी ब्रेक खराब केले म्हणून गाडी द्यायची होती. ब्रेक मी खराब केले नाहीत. आता कारण काय?"

"प्रत्येक गोष्टीला कारण लागतं का तुला? हे गोदाम आहे का?"

"सांगा ना. मी ऐकून घेते."

सासूबाईंनी सांगितलं. "बाईनं एकलीनं जायाचं यायाचं, कवा येनार ते सांगायाचं न्हाय, हे मला पयल्यापासून पटत न्हाय. ह्यालापन पटत न्हाय. त्यो बोलत न्हाय एवढंच."

मी मिस्टरांकडे बघितलं. त्यांनी नाही म्हटलं नाही.

"हे आधीच सांगायचं होतं," मी म्हणाले. "इतक्या नकला कराव्या लागल्या नसत्या."

मग मी नवी पिन, रबरं आणि ग्रीसची ट्यूब पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये आणि पर्स खांद्याला. गाडी जॅकवर तिरकी उभी होती, डावं चाक भिंतीला टेकवलेलं, कॅलिपर तारेने बांधून लटकवलेला. गल्लीतल्या कुणालाही फाटकातून ते सगळं दिसत होतं.

"हे काय?" मिस्टर म्हणाले.

"हे पाकीट माझं आहे. मेकॅनिकला बोलवा. तो त्याच्या पिना आणेल."

"रविवारी कोण येणार?"

"उद्या येईल. येईल तेव्हा जुनी पिन बघेल आणि विचारेल, यात तेल कुणी घातलं. मिक्सर घेऊन येणारा एखादा शेजारीही तोपर्यंत येऊन उभा राहिलेला असेल. मी खोटं बोलणार नाही."

दीर म्हणाला, "वहिनी, जाऊ द्या ना. घरातली गोष्ट आहे, छोड दो."

"सोडते ना. तुझ्या दादाला विचार, सोडू का?"

हे मी मोठ्याने बोलले नाही. माझा आवाज तसा चढत नाही, ऑफिसातही नाही. पण मिस्टरांनी फाटकाकडे पाहिलं, रस्ता मोकळा आहे का ते बघितलं, आणि मला तेवढ्यात कळलं की झालं. ज्या माणसाला आपल्या बायकोच्या पायाची चारचौघांत नक्कल करायला काही वाटलं नाही, त्याला चार मिक्सरवाल्यांसमोर एक फुगलेलं रबर दाखवायची भीती वाटत होती. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

"बसव," ते म्हणाले.

"गाडीचं?"

"राहू दे इथंच."

"कुणाकडे?"

त्यांनी श्वास सोडला. "तुझ्याकडे. तूच ने. रोज ने."

दीर स्टुलावरून उठला. त्याने पेला पायरीवर ठेवला. "मी दिवाळीला गाडीने येतो म्हणून सासरी सांगून बसलोय," तो म्हणाला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"तिकडे एसटी जाते," मी म्हणाले. "वज्रेश्वरीच्या गाडीत बस, फाट्याला उतर."

तो आपल्या घरात गेला आणि दार लावून घेतलं. त्याची बायको माझ्याशी पुढे कित्येक महिने फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलली. सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. आत जाताना म्हणाल्या, "एका खिळ्यापायी दोन भाऊ तोडलेस." त्यांना पिन म्हणता येत नाही असं नाही.

मी कामाला लागले. ज्या भोकात पिन बसते ते आधी साफ करावं लागतं. काडीला फडकं गुंडाळून मी आतलं काळं तेल पुसलं, पुन्हा पुसलं, फडकं कोरडं निघेपर्यंत. मिस्टरांनी सकाळपासून ओतलेलं सगळं तेल त्या चिंधीत आलं. नव्या पिनेला ग्रीस पातळ लावलं. जास्त लावलं तर हवा कोंडते. पिन बसवली आणि बोटाने दाबली तर आत गेली, ओढली तर बाहेर आली. काही जोर लागला नाही. कॅलिपरमध्ये एक दट्ट्या असतो, ब्रेक दाबला की तो पॅडला ढकलतो. जुना पॅड पातळ होता म्हणून तो पुढे आलेला होता. सुताराचा शिकंजा लावून मी तो हळूहळू मागे नेला. मिस्टरांना बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवायला सांगितलं. ऑइल वर आलं की सांगा, असं मी म्हणाले. त्यांनी सांगितलं. नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले.

चाक लावायच्या आधी एक काम उरतं. दट्ट्या मागे ढकललेला असतो, त्यामुळे पेडल पहिल्यांदा रिकामं जातं. ते दाबत राहायचं, पॅड तबकडीला येऊन भिडेपर्यंत आणि पेडल पायाला घट्ट लागेपर्यंत. एकाने आत बसून दाबायचं, दुसऱ्याने पिन सरकते का ते बघायचं.

"आत बसा," मी मिस्टरांना म्हणाले.

ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. गाडी जॅकवर तिरकी असल्यामुळे त्यांना दाराच्या चौकटीला धरून बसावं लागलं. दुखरा हात मांडीवर. मी चाकाच्या जागी उकिडवी बसले.

"दाबा," मी म्हणाले.

त्यांनी दाबलं. कॅलिपर सरकला.

"सोडा. दाबा. सोडा."

खरं तर चौथ्या-पाचव्या वेळीच पॅड भिडले होते आणि पिना लोण्यासारख्या सरकत होत्या. वरून पेडलचा पोकळ आवाजही थांबला होता. ते घट्ट झालंय हे त्यांच्या पायाला माझ्या आधी कळलं असणार. त्यांनी विचारलं नाही, "झालं का?" मी सांगितलं नाही. गल्लीतून दोन बायका गेल्या, त्यांनी वाकून बघितलं. सर गाडीत बसले होते आणि मी बाहेरून सांगत होते.

"परत," मी म्हणाले.

त्यांनी परत दाबलं.